ताम्हन फिरलं तो दिवस

पूर्वेच्या डोंगरांमागून उजेडाची पहिली रेघ निघाली, तेव्हा निंबगडाचे सातही बुरूज धुक्यात कमरेपर्यंत बुडालेले होते आणि खाली, नदीपलीकडच्या माळावर, सुभ्याच्या फौजेच्या राहुट्या चुना सांडावा तशा पांढऱ्या दिसत होत्या. पाच महिने झाले होते वेढ्याला. या पाच महिन्यांत टाक्यांचं पाणी तळाला गेलं, गडावरची जनावरं निम्मी झाली, माणसं चिडखोर झाली. पण पश्चिम बुरुजावरची 'रणघुमर' तोफ आणि तिच्यामागे उभा असलेला बुऱ्हाण गोलंदाज जागेवर होते तोवर माचीच्या वाटेनं वर चढायची सुभ्याच्या एकाही माणसाची छाती झाली नव्हती. हे गडावर कुणाला ठाऊक नव्हतं? आणि तरीही त्या सोमवारी, देवळातली पहिली घंटा वाजायच्या आत, डांगोरा पिटला गेला तो त्याच बुऱ्हाणवर रोख धरून. करंटेपणा म्हणतात तो याला!

डांगोरा असा होता: सरकारची चाकरी करणाऱ्या यच्चयावत इसमानं, मग तो पहारेकरी असो, कारकून असो, भिस्ती असो की गोलंदाज, आज माध्यान्हीला श्रीनिंबेश्वरापुढे बेलभंडार उचलून इमानाची शपथ घ्यावी, जो घेणार नाही त्याची चाकरी बरतर्फ, आणि त्यानं तत्क्षणी गड उतरावा.

बेलाची पानं आणि चिमूटभर भंडारा हातावर घेऊन हिंदूनं शपथ वाहायची, मुसलमानानं कुराणावर हात ठेवायचा, हा गडाचा रिवाज थोरल्या महाराजांनी घालून दिलेला. चाळीस वर्षं तो बिनबोभाट चालला होता. पण पंधरा दिवसांपूर्वी पल्याडचा काळगड फितुरीनं पडला आणि निंबगडावरचा जो तो शेजाऱ्याकडे संशयानं पाहू लागला. ही संधी साधली मुतालिक सर्जेरावांनी. राजे हैबतरावांचे हे सख्खे मामा. बारा वर्षांपूर्वी बहिणीच्या आश्रयाला गडावर आले आणि भाच्याला कारभाराचा कंटाळा आहे हे हेरून राज्याचा शिक्काच ताब्यात घेऊन बसले. राजांनी शिकार करावी आणि मामांनी राज्य, असा सगळा मामला होता.

सदर भरली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. गडाचं दफ्तर सांभाळणारे सबनीस चिमणाजीपंत प्रथम उठले.

"महाराज, चाकरीला लागताना प्रत्येकाची शपथ झालेली आहे. ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या देवापुढे. मग आज नव्यानं विचारायचं कारण काय?"

"कारण काळगड," सर्जेराव म्हणाले. "तुमच्या असल्या रिवाजांनीच तो गेला, पंत."

"काळगडाचा दरवाजा ज्या नाईकानं उघडला, मुतालिकसाहेब, त्यानं बेलभंडारच उचलला होता."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "पंतांना गोलंदाजांचा भारीच पुळका!" लोक खदाखदा हसले. दुसरा म्हणाला, "पंतांचंच काय शिजतंय ते आधी बघा!" बिचारे पंत खाली बसले. खऱ्या बोलण्याची भरल्या सभेत वासलात लागते ती अशी.

सर्जेराव आता बुऱ्हाणकडे वळले. "बुऱ्हाण, पाणी निंबेश्वराच्या टाक्याचं पितोस, दाणा त्याच्याच गडाचा खातोस. मग त्याच्यापुढे हात पसरायला लाज कसली वाटते तुला?"

पन्नाशीचा, तोफेच्या दारूच्या भडक्यानं भुवया जळालेला तो धिप्पाड माणूस पुढे झाला. मुजरा राजांना केला आणि उत्तरही राजांकडे पाहूनच दिलं.

"लाज नाही, सरकार. देवळापुढनं जाताना मी आजवर जोडा काढून जात आलोय, गडानं पाहिलंय. पण शपथ म्हणजे ज्याला मी भितो त्याचं नाव. ज्या नावानं खोटं बोलायची मला भीतीच नाही, त्या नावाची शपथ तुमच्या काय कामाची? मी इमान दिलं ते कुराणावर, थोरल्या महाराजांचा हात माझ्या खांद्यावर होता तेव्हा. ते आज पुसून टाकतो म्हणालो, तर उद्या तुम्हीच म्हणाल, एक पुसलं त्यानं, दुसरं पुसायला कितीसा वेळ!"

उत्तर नसलं की माणसं ओरडतात. "नाही म्हणतोय! ऐकलंत ना, नाही म्हणतोय!" "फितूर साला!" "लोटा कड्यावरून!" ज्यांच्या घरावर पडणारे गोळे या माणसानं पाच महिने थोपवून धरले होते, तेच हे लोक. एकजण तर त्याच्या पायाशी थुंकला. बुऱ्हाणनं पाय मागे घेतला नाही.

राजे हैबतराव कासावीस झाले. मनानं वाईट नव्हते ते, नुसतेच कच्चे होते. खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "बुऱ्हाण, हट्ट सोड. लोक बिथरलेत. माझ्यासाठी म्हणून ये देवळात."

बुऱ्हाणनं पुन्हा मुजरा केला. मग म्हणाला, "सरकारसाठी येतो."

आता यातली मेख सांगतो. सर्जेरावांना ना निंबेश्वराची पडली होती ना इमानाची. सुभ्याच्या सरदाराशी त्यांचं बोलणं पक्कं झालं होतं: सोमवारी माध्यान्हीला पश्चिम बुरूज गप्प राहील, माचीखालच्या ओढ्यात दडलेल्या आठशे लोकांनी शिड्या लावाव्यात, गड सुभ्याचा, आणि मुलूख सर्जेरावांना आणि त्यांच्या मुलाला जहागीर. तोफ गप्प ठेवायची तर बुऱ्हाण आणि त्याचे बेचाळीस गोलंदाज त्या घटकेला देवळात हवेत. त्यांनी शपथ घेतली काय, नाही घेतली काय, मामांचं काम होणारच होतं. धर्माचं नाव घेतलं की कुणी वेळ विचारत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

फक्त एका गोष्टीची त्यांनी कधी नीट चौकशी केली नव्हती. निंबेश्वराचा बेलभंडार कुणी स्वतः उचलायचा नसतो, तो गुरवाच्या हातून घ्यायचा असतो, आणि देण्याआधी गुरव तीनदा विचारतो, "आपखुशीनं, का धाकानं?" एवढं मुतालिकांच्या कानावर होतं, 'धाकानं' म्हटलं तर पुढे काय होतं ते नव्हतं. उगीच कुणी तसं म्हणायला नको, म्हणून माध्यान्हीला दोन घटका असताना ते स्वतः देवळात गेले. रखमाजी गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बेल निवडत बसला होता.

"रखमाजी, आज माणसं पुष्कळ आहेत. तुझे ते प्रश्न नकोत. पानं हातावर ठेवायची आणि पुढचा बोलवायचा."

"जी, पण इचारल्याबिगर देवाचा कौल..."

"विचारलंस तर गुरवकी गेली म्हणून समज. इनामाची जमीन गेली. आणि मानही धडावर राहील की नाही, सांगत नाही."

मुतालिक निघून गेले. रखमाजीच्या घरात बायको, लग्नाच्या दोन लेकी, सात पिढ्यांची गुरवकी. भीती वाटली त्याला; का वाटू नये? आयुष्यात कधी कुणाला वरच्या आवाजात न बोललेला सुकड्या अंगाचा माणूस तो. त्यानं तांब्याचं ताम्हन चिंचेनं पुन्हा घासलं, उगीचच, दोनदा.

माध्यान्हीला देवळाचं आवार माणसांनी फुलून गेलं. सभामंडपात राजे, त्यांच्या उजवीला सर्जेराव, समोर गोलंदाज. बुऱ्हाण जोडे काढून पुढे आला. रखमाजी ताम्हन घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. सर्जेरावांनी नुसतं डोळ्यांनी बजावलं.

रखमाजीनं विचारलंच, "आपखुशीनं, का धाकानं?"

सर्जेरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. बुऱ्हाणनं राजांकडे पाहिलं. राजांच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती.

"आपखुशीनं," बुऱ्हाण म्हणाला.

"आपखुशीनं, का धाकानं?"

"आपखुशीनं." मागचे त्याचे साथीदार माना खाली घालून उभे होते.

रखमाजी एक पाऊल जवळ सरकला. "बुऱ्हाण, माझ्याकडं बघ. राजाकडं बघू नगंस. ह्यो देव माझा हाय, त्याच्यापुढं तुला मी खोटं बोलू द्यायचा न्हाई. शेवटचं इचारतो. आपखुशीनं, का धाकानं?"

बुऱ्हाणच्या डोळ्यांतून पाणी आलं. "धाकानं, रखमाजी," तो म्हणाला. "धाकानं!"

आवारात एकच गलका झाला. "बस्स!" सर्जेराव गरजले. "कबूल झाला हरामखोर. काढा याला गडाबाहेर!"

"थांबा जी," रखमाजी म्हणाला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की तो स्वतःच दचकला. "धाकानं म्हटलं की ताम्हन फिरतं. ज्यानं धाक घातला त्याच्यापुढं जातं. त्यानं बेलभंडार उचलून म्हनायचं, 'ह्यात माझा मतलब न्हाई. असला तर माझा वंश बुडो.' मग फुडची शपथ."

राजांनी पंतांकडे पाहिलं. "असा रिवाज आहे?"

"आहे, महाराज. आपल्या आजोबासाहेबांच्या, थोरल्या महाराजांच्या वेळी एकदा ताम्हन फिरलं होतं. दफ्तरात नोंद आहे."

रखमाजी वळला आणि ताम्हन दोन्ही हातांनी धरून सर्जेरावांपुढे जाऊन उभा राहिला. ताम्हन जराही हललं नाही.

"हात्तिच्या!" सर्जेराव हसले. "एवढंच ना?" त्यांनी हात पुढे केला, आणि बोटं पानांच्या वर वीतभर अंतरावर थबकली. फितुरी करताना त्यांना देव आठवला नव्हता, पण एकुलता एक मुलगा त्यांना याच निंबेश्वराच्या नवसानं झाला होता. त्या मुलाचं जावळ याच पायरीवर काढलं होतं. हात खाली जाईना.

"उचला की, मुतालिक!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हेच लोक सकाळी बुऱ्हाणवर ओरडले होते. "पानंच आहेत, उचला! थांबलात कशापायी?" आवाज वाढत गेला. सर्जेरावांच्या कपाळावर घाम डवरला. राजे आसनावरून उठले. "मामासाहेब, उचला."

सर्जेरावांनी उचलली ती तलवार. काय करतोय हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. पहिला वार रखमाजीच्या खांद्यावर बसला, खोल, पार छातीपर्यंत. दुसरा बसायच्या आत बुऱ्हाणनं मुतालिकांना मनगट धरून जमिनीवर आदळलं. राजांनी मामांच्या गळ्याला कट्यार लावली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा राजासारखं विचारलं, "मतलब काय होता?"

"माची," सर्जेराव कसेबसे बोलले. "माचीला शिड्या लागल्या असतील एव्हाना."

बुऱ्हाण अनवाणीच धावत सुटला आणि त्याच्यामागे बेचाळीस गोलंदाज. सुभ्याचे पहिले लोक तटावर हात टेकत होते तेव्हा रणघुमर कडाडली. दुसऱ्या बाराला शिड्या मोडल्या. तिसऱ्या बारानंतर ओढ्याकडे पळणाऱ्यांची पाठ तेवढी दिसत होती. त्या दिवशी सुभ्याचे तीनशे पडले. आठवड्याच्या आत वेढा उठला.

रखमाजी तिसऱ्या दिवशी गेला. शेवटपर्यंत बुऱ्हाण त्याच्या उशाशी होता. सर्जेरावांचा कडेलोट झाला आणि तो पाहायला झाडून सगळा गड लोटला. तिथंही लोक ओरडलेच. ओरडायला काय, माणूस कुणीही चालतो. बुऱ्हाणची क्षमा मागायला मात्र त्यातलं एक कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

वेढा उठल्याच्या दुसऱ्या दिवशी राजांनी सदर भरवली. नवा हुकूम रद्द केला, रखमाजीच्या घराला इनाम दुप्पट करून दिलं आणि मानाची वस्त्रं मागवून म्हणाले, "बुऱ्हाण, झालं गेलं विसर. जुन्या रिवाजानं, कुराणावर, पुन्हा एकदा शपथ घे आणि सगळ्या तोफखान्याचा दरोगा हो."

"पुन्हा?" बुऱ्हाणनं विचारलं.

"लोकांच्या समाधानासाठी. एवढंच."

बुऱ्हाणनं तोफखान्याच्या किल्ल्या कमरेच्या शेल्यातून सोडल्या आणि वस्त्रांच्या तबकात ठेवल्या. "वेढा संपेपर्यंतचं इमान मी फेडलं, सरकार. माझ्यासाठी एक माणूस मेला, आणि अजून माझं इमान लोकांना विचारायचंच आहे. रखमाजीनं मला तीनदा विचारलं, पण ते माझं खरं काय ते ऐकायला. तुम्ही विचारताय ते लोकांना ऐकवायला. तोफा नीट पुसून ठेवल्यात. येतो."

बेचाळीस गोलंदाज बायकापोरांसह त्याच्यामागोमाग महादरवाज्यातून खाली उतरले. राजे तटावर उभे राहून ती रांग नदीपर्यंत पाहत होते. हाक मारावी असं त्यांना दोनदा वाटलं, पण लोक काय म्हणतील या विचारानं त्यांनी ती मारली नाही.

पुढल्या वर्षी सुभ्याची फौज परत आली. या खेपेला गडावरच्या झाडून साऱ्या चाकरांनी बेलभंडार उचलला होता, तोही आपखुशीनं. रणघुमर मात्र भरता येत होती ती एकालाही नाही. गड चौथ्या दिवशी पडला.