एकाच माणसाची हाडं

मला हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण घडलं ते खरं. गुरुवारी, भर दुपारी, इस्पितळाच्या तळघरातल्या फायलींच्या खोलीत.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथे कामाला होता. डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा, त्याचा ठरलेला कोड संगणकात भरायचा. स्वतःची अक्कल चालवायची नाही. शंका आली तर चिठ्ठी पाठवून विचारायचं.

महिन्यापूर्वी एका मास्तरांची फाईल आली होती. पायात मृत दात्याचं हाड बसवलेलं. शेरा एवढाच... ‘संसर्ग.’

वरच्या जखमेला, की बसवलेल्या हाडाला?

“विचारू का?” तो म्हणाला.

“विचारा की! डॉक्टरांच्या मागच्या शिव्या पचल्या वाटतं?” शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या.

त्याने जखमेचा कोड टाकून दिला.

हाडाचा कोड पडला की दात्यांची हाडं साठवणाऱ्या हाडपेढीला निरोप जाई. त्याच दात्याचं हाड आणखी कुणाला बसवलं असेल, तर त्याला तातडीने बोलावून घेत.

निरोप गेला नाही.

मास्तर गेले.

आणि त्या गुरुवारी... बाई जेवायला गेल्या होत्या. तो एकटाच.

जिन्यावर काठी वाजली.

ठक... ठक...

दाराशी येऊन थांबली.

त्याने दार उघडलं. कुणीच नाही.

मागे वळला, तर टेबलावर चिठ्ठी. प्रश्न त्याच्याच अक्षरात... त्याने कधीच न पाठवलेला. ‘संसर्ग कशाला?’

खाली ओल्या शाईत उत्तर. ‘हाडाला.’

अक्षर डॉक्टरांचं नव्हतं. त्याने मास्तरांची फाईल काढून ताडून पाहिलं. संमतीपत्रावर मास्तरांनी लिहिलं होतं, अगदी तसंच... वळणदार.

उत्तराखाली एक फाईल नंबर होता.

त्याने ती फाईल ओढली. नाव वाचलं.

माझ्या बहिणीचं होतं. दोन महिन्यांपूर्वी मोडलेल्या हातात हाड बसवलं होतं. दाता तोच.

त्याने घरी फोन लावला.

“हात कसा आहे गं?”

“ठणकतोय हो आठवडाभर. तापही आहे. तुमच्या डोक्याला आणखी ताप नको, म्हणून बोलले नाही.”

त्याच संध्याकाळी तिला भरती केलं. हात काढला. तरी नवव्या दिवशी ती गेली.

मेव्हणा त्यावर एकदाच बोलला.

“दादा, मास्तर सांगायलाच आले असतील... तर आठ दिवस आधी का नाही आले हो?”