साध्या काचेचे दिवे

फक्रुद्दीनचाचांनी दुकानापुढच्या पोत्यावर गाडीच्या दिव्यांच्या तीन जोड्या मांडल्या आणि माझ्या वडलांकडे, अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. निवड मीच करणार होते. शास्त्रात वर्गात पहिली आले होते मी, आणि प्रकाशाचा धडा तर तोंडपाठ होता.

आमची जीप मिलिटरीच्या लिलावातली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. तिची बॅटरी सहा व्होल्टची. पहिली जोडी चकचकीत, नवी, पण बारा व्होल्टची. आमच्या गाडीवर ती काजव्यासारखी मिणमिणली असती. दुसरीच्या काचेला उभ्या रेघा होत्या. तसल्या काचेनं उजेड दोन्ही कडांना पसरतो, लांब जात नाही. तिसरी जुनी, हिरवट रंगाची, साध्या काचेची आणि सगळ्यात स्वस्त. आतला आरसा मी निरखून पाहिला. कुठंही काळवंडला नव्हता. चाचांनी बॅटरीच्या तारा लावल्या, तशी दुकानातल्या अंधाऱ्या भिंतीवर दोन पांढरी, पुरी वर्तुळं पडली.

“हीच,” मी म्हणाले.

“सहादेवभाऊ, तुमचा हात तर त्या चकचकीत जोडीवरनं निघत न्हवता,” चाचा म्हणाले. “पोरीनं वाचवलं तुमाला.”

अण्णा हसले. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

त्याचं कारण सांगायलाच हवं. मागच्या डिसेंबरात लढाई लागली. नगरात छावणी, म्हणून तिथं गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करत होते. मामाकडे गेले असताना मी ते पाहिलं. खर्ड्याला परत आल्यावर शाळेतल्या फळ्याचा उरलेला काळा रंग मागून आणला आणि आमच्या जीपचे दोन्ही दिवे अर्धे रंगवून टाकले. आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. खर्ड्यावर विमान काय बाभळी मोजायला येणार का, म्हणून आई हसली. अण्णांनी मात्र शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं.

माझी थोरली बहीण मालनअक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रंग लावल्याच्या चौथ्या दिवशी दिवेलागणीला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या.

दवाखाना जामखेडला. त्या वाटेवर एक ओढा लागतो. उतार कुठं आहे ते कळावं म्हणून काठावर चुना फासलेला पुरुषभर उंचीचा दगड उभा केलाय. तो उजवीकडे ठेवून उतरायचं. पलीकडून गेलं की भुसभुशीत वाळू. त्या संध्याकाळी आमच्या दिव्यांचा उजेड गुडघ्याच्या वर जातच नव्हता. दगड काही दिसेना. तेव्हा अक्का खाली उतरली. चप्पल गाडीतच राहिली. “मी म्होरं चालते, तुमी मागनं या,” म्हणाली. पोटावर हात धरून चालली असेल. मला फक्त तिची पावलं दिसत होती, जोडव्यांसकट. वर सगळा काळोख.

तिलाही दगड सापडला नाही. गाडी वाळूत रुतली ती तीन तास. जामखेडला पोचलो तेव्हा अक्का गेली होती. मूलही पोटातच गेलं.

मला कुणीच काही बोललं नाही. रंग मी ब्लेडनं खरवडून काढला. अण्णांनी मात्र सूर्य मावळल्यावर गाडी काढणं सोडलं. आजाऱ्याला नेणारी आमच्या भागात ती एकच गाडी. माणसं दारात यायची आणि परत जायची. “दिव्यांला उजेड न्हाई,” एवढंच अण्णा सांगायचे. मग उजेड आणू या, असं मी ठरवलं. वर्षभर मागे लागले तेव्हा कुठं आम्ही नगरला चाचांच्या दुकानात गेलो.

दिवे बसवून तीन दिवस झाले असतील. दिवेलागणीला वस्तीवरची गोजरबाई धावत आली. तिची सून सकाळपासून अडली होती. अण्णा किल्ली हातात घेऊन नुसते उभे राहिले.

“मी पुढं बसते, अण्णा,” मी म्हणाले.

सून मागं आडवी, तिचं डोकं गोजरबाईच्या मांडीवर. नव्या दिव्यांचा उजेड असा लांब जात होता म्हणून सांगू, बाभळीचा शेंडान् शेंडा दिसत होता. अण्णांचे खांदे सैल झाले. मला तर गावंसं वाटत होतं.

ओढा जवळ आला तेव्हा आधी वास आला. तापलेल्या रंगाचा. फळ्याच्या रंगाचा.

मग उजेडाचा वरचा भाग गेला. विझला नाही, वरून कापल्यासारखा गेला. बाभळींचे शेंडे गेले, मग फांद्या, मग बुंधे. गुडघाभर उजेड तेवढा उरला.

“अण्णा, मी तो रंग सगळा काढला होता.”

“ठाव हाय मला,” अण्णा म्हणाले.

उजेडात दोन पावलं आली.

अनवाणी. जोडवी घातलेली. आमच्यापुढं सावकाश, जरा फेंगडी टाकत चाललेली, दिवस भरलेली बाई चालते तशी.

अण्णांनी गाडी थांबवली नाही. पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि त्या पावलांच्या मागं घेतली.

मागून गोजरबाई म्हणाली, “घ्या की ओ तिला गाडीत. कवाधरनं चाललीया बिचारी.”

अण्णांनी नजर पावलांवरच ठेवली.

पावलं डावीकडे वळली. अण्णांनी चाक डावीकडे वळवलं. गाडी उतरू लागली. माझ्या उजव्या हाताला, अगदी हात लावावा इतका जवळून, चुन्याचा दगड मागं गेला. गाडी दगडगोट्यांवर खडखडली, वर चढली.

वर आल्यावर उजेड पुरा झाला. रस्ता रिकामा होता.

गोजरबाईच्या सुनेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पहाटे अण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आवाज न करता. मी शेजारी बसले. “रंग मी लावला होता,” एवढंच मला बोलता आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

ऊन वर आल्यावर परत निघालो. ओढ्यापाशी मी खाली उतरले. फुफाट्यात आमच्या चाकांची आदल्या संध्याकाळची नक्षी तशीच होती. तिच्यावर, ती नक्षी मोडून, अनवाणी पावलं उमटली होती. म्हणजे गाडी गेल्यानंतरची. बोटं आमच्या घराकडे होती.

अण्णांनी गाडीतूनच पाहिलं आणि ठसे मोडू नयेत म्हणून गाडी कडेच्या काट्यांतून नेली.

मी तिथंच उभी होते. त्या पावलांच्या शेजारी आणखी दोन पावलं चालली होती, माझ्या तळहातात मावतील एवढी. एक सरळ, एक वाकडं. वर्षाचं मूल नुकतं चालायला लागल्यावर पडतात तशी.