कोठीमागचे पाच पंजे

रविना गिरासे ऑफिसात आली, खुर्चीवर बसली आणि तिने आपले दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले.

"हे नीट बघून घ्या," ती म्हणाली. "आणि सांगा, भिंतीवर उमटतात ते पंजे माझेच का? मला स्वतःचीच खात्री राहिली नाही."

लग्नाआधीच्या चौकशा करण्यात अख्ख्या शहाद्यात शगुफ्ता पिंजारींचा हात धरणारा कोणी नव्हता. भुताची चौकशी मात्र पहिलीच. त्यांची गाडी चालवणारा, आणि दर वेळी हमखास चुकीच्या माणसावर संशय घेणारा उमाकांत खुर्ची ओढून जवळ आला.

रविना ब्राह्मणपुरीच्या जगदीश गिरासेची दुसरी बायको. पहिली, ज्योत्स्ना, तापाने गेली. वैशाखात या दोघांचं लग्न झालं. त्याआधी घर रंगवून घेतलं आणि धान्याची कोठी असायची ती खोली जोडप्यासाठी मोकळी केली. पावसाळा सरत आला आणि त्या खोलीच्या भिंतीवर काळे पंजे उमटले. पाच.

"पुसून पाहिले?"

"एकदा. थोड्या दिवसांत परत आले, जिथल्या तिथे. मग सासूबाईंनी पुसूच दिलं नाही. म्हणाल्या, हात लावू नको."

"लोक काय म्हणतात?"

"गाव म्हणतं पहिली परत आली. चुलत सासरे, रायसिंग काका, म्हणतात मीच काजळी फासते, वेगळं घर हवं म्हणून. उद्या सकाळी ते मला नंदुरबारला माहेरी नेऊन सोडणार आहेत. एकदा सोडलं की आणायला कोणी येत नाही, बाई." तिने तळहात पुन्हा पुढे केले. "मी झोपेत उठून असं काही करत असेन का?"

शगुफ्ताबाईंनी तिचे हात पाहिले. लांब बोटांचे. "चला," त्या म्हणाल्या.

ब्राह्मणपुरीच्या घराच्या अंगणात सासू, तुळशीबाई, ओटा सारवत होती. डाव्या हाताने मोठे अर्धगोल काढत होती. ठेंगणी, वाळलेली बाई.

"डाव्या हाताने?" शगुफ्ताबाईंनी विचारलं.

"उजवा खांदा वर व्हत नही, माय."

दाराशेजारी रविनाचे लग्नातले हळदीचे पंजे अजून उन्हात पिवळेधमक होते.

"छान राहिलेत. हळदीत काय कालवता?"

"तांदूळनं पीठ. नहीतं चिकटत नही."

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. दारातच कोंदट वास आला. तीन भिंती स्वच्छ, आणि चौथीवर पाच काळे पंजे ओळीने. उमाकांत उंबऱ्यावरच थांबला. भीत नव्हता म्हणे, चप्पल काढत होता.

शगुफ्ताबाईंच्या सांगण्यावरून रविनाने भिंतीला न टेकवता पंज्यासमोर हात धरला. तिची बोटं एक पेरभर पुढे गेली.

"आखडून उमटवला असेल," उमाकांत म्हणाला.

"पाचही वेळा सारखाच आखडून?" शगुफ्ताबाईंनी कापसाचा बोळा काळ्यावर टेकवला. कोरडी भुकटी लागली. "काजळी तेलकट असते, पुसली की फरफटते." पंज्यांखालचा रंग फुगून पोपडे धरत होता.

मग त्यांनी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका उजेड पाडला. रंगाखाली मोठे अर्धगोल फराटे उठून दिसले, तेही डोक्याच्या थोडं वरपर्यंतच. त्यांच्या वरची भिंत सपाट होती. उमाकांतला त्यांनी हात वर करायला लावला. त्याचा हात फराट्यांच्या कितीतरी वर गेला.

"या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"भांडी घासायची मोरी," रविना म्हणाली.

"आणि लग्नात या खोलीत तुम्ही हात उमटवलात?"

"नाही. कोठी तेव्हा हलवलेली होती. फक्त दारावर."

जगदीश ओसरीवर नखं कुरतडत बसला होता. बायकोकडे बघायचं त्याचं धाडस होत नव्हतं.

"ज्योत्स्नाचे दारावरचे पंजे मीच उभा राहून खरवडून घेतले," तो म्हणाला. "आत तिचे पंजे नव्हतेच."

"पाहिलं होतंत?"

"आमच्या घरात नवी सून कोठीजवळ जाते तेव्हा फक्त बाया असतात. पुरुषांना बाहेर काढतात. पण नंतर कधी दिसले नाहीत."

"भिंतीपुढे काय होतं?"

"कोठी. धान्यानं भरलेली."

रायसिंग काका तावातावाने आले. "नाटक शे तिन्हं. उद्या गाडी काढस, इषय संपना."

"खोलीत जाऊन पाहिलंत?"

"मी कसाले पाहू? माले माहीत शे."

शेवटी रंगारी वसीमला बोलावलं. तो कामावरून, रंग खरवडायची पत्री हातात घेऊनच आला, घामाघूम. सापडला चोर, अशा नजरेने उमाकांतने शगुफ्ताबाईंकडे पाहिलं.

"तीन भिंतीस्वर बुरशी व्हती," वसीम म्हणाला. "ओली करीसन खरवडी, ब्लीचनं पाणी मारं, पंखा लाईसन वाळाडी. मंग प्रायमर, मंग रंग."

"आणि चौथी?"

वसीमने हातातली पत्री उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ती नही खरवडी," तो हळूच म्हणाला. "दुसरा दिन उनू तं कोठी सरकाडेल, अन भिंत पांढरी. ओला चुना. माले वाटनं जगदीशभाऊनी मारा. बुरशी दिसनी नही, वरतून रंग मारी दिना. मन्ही चूक शे, बाई."

"मी रात्री अंधारात रिकामी कोठी तेवढी सरकवली. चुना मारलाच नाही," जगदीश म्हणाला.

शगुफ्ताबाईंनी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. रविना दाराला पाठ लावून उभी राहिली. तिची बांधलेली बॅग कोपऱ्यात होती.

"हे पंजे कोणी रात्री उठून काढलेले नाहीत," शगुफ्ताबाई म्हणाल्या. "काढलेले असते तर पुसल्यावर इतके बरोबर त्याच जागी आले नसते. ही बुरशी आहे. रंगाच्या आतून उगवलीय."

"बुरशीले बोटं ऱ्हातस का?" रायसिंग काका म्हणाले.

"बुरशी जिथे खायला मिळतं तिथे वाढते. कोणीतरी या भिंतीवर पिठात कालवलेल्या हळदीचे हात उमटवले होते. खायला पीठ, प्यायला मोरीची ओल, वर रंगाचं पांघरूण. दारावरचे हात उन्हात वाळतात, म्हणून पिवळे राहिले. रविनाने इथे हात उमटवलेलाच नाही आणि तिचा हात मोठा आहे. मग आधीची सून कोण?"

"ज्योत्स्ना," जगदीश पुटपुटला.

"कोठीजवळच्या विधीत तिने इथे हात उमटवले, मग कोठी भिंतीला लागली आणि ते मागे राहिले. पुरुषांना ते ठाऊकच नव्हते. कोठी सरकवल्यावर, वसीम यायच्या आत, कोणीतरी त्यावर चुना मारला. कुंचल्याने नाही, चिंधीने, ओटा सारवावा तसा. फराटे अर्धगोल आहेत आणि डाव्या हाताने काढलेले आहेत. जिथे ते संपतात, तिथे या घरात एकाच माणसाचा हात संपतो."

तुळशीबाई खाली बसली.

"वसीमनी दारवरना हात खरवडी टाकात," ती म्हणाली. "कपडा वाटी दिधात, फोटो पेटीमा गया. मन्ही पोरनं एवढंच ऱ्हायनं व्हतं. दिसतात तं तेबी खरवडतात. मी झाकी दिधात."

"आणि रविनावर आळ आला तेव्हा?"

"रोज वाटे, आज सांगसू. सांगं तं हात जातीन."

"मला वाटायचं मी वेडी झाले," रविना म्हणाली. ती रडत नव्हती, सासूकडे बोट रोखून बोलत होती. "रोज हात धुऊन बघायची, काळं लागलंय का. तुम्ही समोर बसून बघायचात. आणि तुम्हाला ठाऊक होतं."

तुळशीबाई उठली, कोपऱ्यातली बॅग उचलून तिने खाटेवर ठेवली आणि वसीमच्या हातातली पत्री मागून घेतली.

"हायी बाईस्नं काम शे. माणसं बाहेर जा."

"पण उद्या सकाळी गाडी..." रायसिंग काकांनी तोंड उघडलं.

"तुन्ही गाडी तू लई जा."

सगळे पुरुष निमूट अंगणात आले, उमाकांत सर्वांत पुढे. जगदीश दाराशीच उभा राहिला.

"माय, आधी ओलं करजा. तोंडले फडकं बांधा," वसीमने बाहेरून सांगितलं. "अन मोरीनं पाणी दुसरीकडे काढनं पडी, नहीतं परत येई."

"मला आधीपासूनच वसीमवर संशय नव्हता," उमाकांत शगुफ्ताबाईंना म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आतून पत्रीची खरखर येऊ लागली. थांबत थांबत, पुन्हा सुरू होत. मग ती एकदम बंद पडली.

"हाऊ शेवटला तू खरवड, पोरी," तुळशीबाईचा आवाज आला. "मन्हा हात उचलत नही."

जगदीशने डोळे मिटून घेतले.

"आधी तुम्ही त्याला एकदा हात लावून घ्या," रविना म्हणाली. "मी थांबते."

ती थांबली. मग थोड्या वेळाने पत्री पुन्हा चालू झाली.