केशरबाईची थाळी

ही गोष्ट माझ्या शांताआत्याची. शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय. आत्याला दिलेला शब्द मोडणं कधी जमलंच नाही, आणि त्याचा तिला त्रासच झाला.

१९८७ चा मे महिना. ठाण्याला कोपरीतली चाळ. दिवेलागणीची वेळ.

शेवटच्या खोलीत केशरबाई एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिच्या ओट्यावर रोज संध्याकाळी टवाळ पोरांचं टोळकं दारू प्यायला बसायचं. शिव्या, दारावर लाथा, पत्र्यावर दगड.

चौकीतला हवालदार म्हणायचा, "काही झालं तर या, बाई."

म्हणजे मेल्यावर या!

शेवटी आत्यानेच चाळीतल्या बायका गोळा केल्या. "केशर, त्रास दिला की थाळी बडव. आम्ही सगळ्या लाटणी घेऊन येतो. बघू कोण टिकतोय!"

थाळी वाजली. अख्खी चाळ धावली. पोरं चपला टाकून पळाली. केशरबाई कितीतरी वर्षांनी हसली.

मग एका संध्याकाळी चाळीत हळद होती. लाउडस्पीकर नुसता कोकलत होता...

थाळी कुणालाच ऐकू आली नाही.

केशरबाई दाराला पाठ लावून बसलेली सापडली. आतून कडी. हार्टफेल, डॉक्टर म्हणाले. मांडीवरच्या थाळीला पोचे पडलेले. कुणावर गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

खोलीला कुलूप लागलं. पोरांनीही ओटा सोडला.

आणि एक दिवस, दिवे लागताना...

ठण्. ठण्. ठण्.

बायका सवयीने धावल्या. ओटा रिकामा. कुलूप तसंच.

आवाज आतून येत होता.

दुसऱ्या दिवशी निम्म्याच बायका आल्या. पुढे दिवेलागणीला चाळीतली दारं बंद व्हायला लागली.

एकटी आत्या जायची. दाराला हात लावून म्हणायची, "आले गं, केशर. मी आहे."

मग आवाज थांबायचा.

अशी वर्षं गेली. आत्याचे गुडघे गेले. तिचा मुलगा चंदू तिला डोंबिवलीला घेऊन आला. निघताना ती शेजारच्या बायजाला विनवत होती, "रोज जा गं तिच्याकडे. नुसतं आले म्हण."

बायजा हो म्हणाली, पण नजर चुकवून.

डोंबिवलीत मी आत्याच्या सोबतीला राहिलेले. दिवेलागणीला ती दचकायची. धरत धरत उठून दार उघडायची, जिन्यात उभी राहायची.

"वाजतेय गं... कुणी जात नाहीये तिच्याकडे."

मला काही ऐकू यायचं नाही. कोपरीहून डोंबिवलीला आवाज येईल कसा?

एका संध्याकाळी मात्र ती उठलीच नाही. बराच वेळ कान देऊन बसली. मग तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"काय झालं, आत्या?"

"आज वाजली नाही गं..."

मी तिचा हात धरला.

"कुणी गेलं असेल का तिच्याकडे? की हाका मारून दमली बिचारी?"

आत्या आता नाही. मी अजून दिवे लावताना टीव्ही बंद करते आणि जरा थांबते. काही ऐकू येत नाही. ते बरं की वाईट, मला सांगता येत नाही.