घंटेचा दोर

आठला पाच कमी असताना चर्चच्या घंटेचा दोर तुटून सत्यशीलेच्या डोक्यावर पडला.

"दोर तुटला म्हणून रडायचं कावून?" मागून कुणीतरी विचारलं.

"रडत न्हाई. धूळ गेली डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

हसू लपवायला तिला ओढणी पुरली नाही.

गेवराईहून मावशीकडे पाहुणा आलेला शमुवेल. वायरमन. विजेचे खांब चढणाऱ्याला मनोरा तो काय! नवा दोर बांधून उतरला तेव्हा अंगभर पारव्यांची पिसं. दोर हातात देताना बोटं जरा जास्तच रेंगाळली… कुणाची, ते दोघांनीही कधी कबूल केलं नाही.

त्यानंतर शमुवेलला मावशीची माया एकाएकी लई दाटून येऊ लागली. दर रविवारी!

"घंटा तुमीच कावून वाजवता?" एकदा त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. तिचे वडील आश्रुबा लकव्यानं बीडच्या दवाखान्यात पडले होते, तेव्हा ती नवस बोलली होती: प्रभू, बाबा चालत घरी आले तर तीन वर्षं एकही रविवार मी घंटा चुकवणार नाही. आश्रुबा आता काठी टेकत उपासनेला येत.

"एक वर्ष म्हणायचं ना! बाजारात कमीपासून सुरू करतात."

"देवाशी घासाघीस सुचली न्हाई हो."

मार्चात मात्र चिंचेखाली त्याचा चेहरा उतरलेला. "आई म्हणती, मे महिन्यात लग्न. न्हाईतर दुसरं स्थळ बघती."

नवसाचे चौदा महिने उरले होते, आणि गेवराई दोन एसट्या लांब. सत्यशीला पाळकसाहेबांकडे गेली. ते नवसातून सोडवतील, अशी तिला चोरटी आशा होती.

"देव माफ करील, बाई," ते म्हणाले. "पण त्यानं मागितलं नव्हतं, तू आपणहून बोललीस. आणि लग्नात याच वेदीपुढं काय करणार? शब्दच देणार ना?"

पुढच्या रविवारी तिनं शमुवेलला सांगून टाकलं, "मी न्हाई मोडणार." त्यानं मान हलवली, गाडीला किक मारली… आणि दोन रविवार तो आलाच नाही. ते दोन्ही रविवार दोर फार जड लागला.

तिसऱ्या रविवारी गाडी थांबली. मागच्या सीटवरून त्याची आई, वत्सलाबाई, कंबर धरत उतरल्या.

"तूच का ती घंटेवाली?"

"हो, आत्या."

"याचं नाव शमुवेल कावून ठेवलं, ठाऊक हाय? शास्त्रातल्या हन्नाला नवसानं शमुवेल झाला, तशी मीबी नवस बोललेते, तवा हा झाला. नवसाचं पोर घेऊन दुसरीचा नवस मोडायला आले, तर देव काय म्हणंल मला?" त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "चौदा महिने काय, असेच जातेत."

त्या आत गेल्या. शमुवेल पुढं झाला. "मग मीबी आज नवस बोलतो. चौदा महिने एकही रविवार…"

तिनं पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. तळव्याला त्याचा श्वास लागला, तरी तिनं हात काढला नाही.

"बोलू नका," ती हळूच म्हणाली. "नुसतं या."

आठ वाजले. सत्यशीला दोर ओढत राहिली, ओढतच राहिली… शेवटी पायरीवरून आश्रुबांनी काठी आपटली.

"बास की पोरी! सगळं गाव आलंय, आता काय गेवराई जागी करती?"