घाटातली हाक

"शामे, तुझ्या आजोबांना सांग, बाहेर हात काढू नका म्हणावं… वळण आहे!"

मागच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेल्या अडीच वर्षांच्या शामलाने बोबड्या बोलांत निरोप पोचवला. पुढच्या सीटवरून मारोतराव हसले. "घ्या! इतवारीतून निघाल्यापासून तुझ्या मायचं हेच चालू आहे! कळमेश्वरले बैल दिसले, भेली. काटोलले बाजाराची गर्दी दिसली, भेली. मधू, माझं ठरलं गा. चिखलदऱ्याहून परतलो की पोरगी उमरेडले शोभीकडे ठेवतो. आत्याजवळ धीट तरी होईल."

मोटार हाकणाऱ्या मधुसूदनने, त्यांच्या मुलाने, नुसता गिअर बदलला. मागे अरुंधतीने लेकीला घट्ट धरलं… तिच्या कुशीतून शामलाला नेणार!

कॉलेजात भर सभेत वादविवाद गाजवलेली ही मुलगी, पण या घरात सुनेने सासऱ्याशी, मामाजींशी, बोलायचं नाही. काय ते मुलाच्या तोंडून सांगायचं. तिचा थोरला मुलगा मुकुंद आजोबांच्या मांडीवर, बैठकीत पाहुण्यांच्या गराड्यात निजला होता, तेव्हा त्याचे ओठ निळे पडताना दाराआडून तिनेच पहिल्यांदा पाहिलं होतं. पण निरोप द्यायला मूल कुठून आणावं? मोलकरीण जनाबाईला शोधून आणेपर्यंत सारं संपलं… आणि आईचं लक्ष नव्हतं म्हणून दोषही तिच्याच माथी आला! तेव्हापासून तिच्या डोळ्यांना विसावा नव्हता.

परतवाडा मागे पडलं. सातपुड्याचे निळे कडे जवळ आले, दरीत मोरांची केका घुमली, सागाच्या पानगळीतून सांबरांचा कळप उधळत गेला. शामला टाळ्या पिटत होती, आणि अरुंधती त्या आनंदाकडे शेवटचा असल्यासारखी पाहत होती.

घाटमाथ्याखाली मोटार तापली. मधुसूदन पाणी ओतू लागला. वळणावर मोहाच्या झाडाखाली घाटातल्या देवीचं ठाणं होतं. मारोतराव नातीला कडेवर घेऊन नारळ फोडायला निघाले.

अरुंधतीने वर पाहिलं. झाडावरच्या वानरमाद्यांनी पिल्लं पोटाशी कवटाळली होती, आणि साऱ्यांची नजर एकाच जागी, ठाण्यामागच्या झुडपावर!

निरोप द्यायला मूल हवं… मूल तर त्यांच्याच कडेवर होतं!

"मामाजी! थांबा!"

दरी दुमदुमली. मारोतराव जागीच खिळले. झुडूप फाकलं. मोहाची फुलं वेचणारं अस्वल बाहेर आलं, पाठीवर दोन पिल्लं.

"पळू नका, मामाजी! पाठ फिरवू नका. शामलाला छातीशी धरा, आणि मागे मागे या… असेच… या!"

बोलता बोलता ती पुढे झाली, दोघांना पाठीशी घालून उभी राहिली. डोक्यावरचा पदर कधी ढळला, कळलंही नाही. क्षणभर दोन आया एकमेकींकडे पाहत राहिल्या… मग ते अस्वल फुत्कारलं, वळलं आणि पिल्लांसह दरीत उतरून गेलं.

मारोतरावांनी शामलाला मोटारीच्या पायरीवर उतरवलं. मग सुनेकडे वळून म्हणाले, "मुकुंदाच्या येळीही… तुले असंच दिसलं होतं का वं?"

"दिसलं होतं, मामाजी! सांगू कुणाकडून?"

म्हातारा ढसाढसा रडला. "तुले भित्री म्हणत राहिलो… अन् तोंड तर मीच बांधलं होतं तुझं! मधू, शोभीले कळवजो, पोरगी येत नाही म्हणा. मायजवळच राहीन ते!"

अरुंधतीने शामलाला उराशी घेतलं. इतक्या वर्षांचा हुंदका एकदाच मोकळा झाला.

"अन् सूनबाई, आता पुढं बस. रस्ता तूच पाह्य."

मोटार सुरू झाली. माथ्यावर, मावळतीच्या सोनेरी उजेडात, रानगव्यांचा प्रचंड कळप रस्ता अडवून उभा होता. मारोतरावांनी मागून हलकेच विचारलं, "सूनबाई, जाऊ द्यायची का गाडी?"

"नाही, मामाजी. वासरं अजून अलीकडे आहेत."

इतवारीतल्या कापडबाजाराला एका हाकेत गप्प करणारे मारोतराव श्वास रोखून बसून राहिले. शेवटचं वासरू ओलांडून गेलं, तेव्हा अरुंधती म्हणाली, "हं… चला!"

आणि मोटार निघाली.