डावीकडची निळी खुर्ची

भोंगी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये थांबली ती एका चुकीपायी. खरं नाव सोडा, एवढा आवाज असलेल्या पोरीला वर्गात दुसरं काय म्हणणार! कॉम्प्युटरच्या डिग्रीचं शेवटचं वर्ष, दुपारी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, आणि याच विषयात बाईसाहेब आधी दोनदा आपटलेल्या. आता नापास म्हणजे डिग्रीच गेली. दादा तर घरी टपूनच बसलेला. "तुझ्या डोक्यात सॉफ्टवेअरच टाकलेलं नाही गं, बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात बस गुपचूप!"

तिचा प्रोग्राम बसच्या सीट बुक करायचा. झकास करायचा. फक्त एकच सीट दोघांना द्यायचा.

"काका, मला आत ठेवून कुलूप घाला ना," ती लॅबच्या काकांना म्हणाली.

"एकटी? आणि शेजारी ती निळी खुर्ची..."

"खुर्ची काय खाते का मला?"

"खात नाही." काका किल्ल्या चाचपत राहिले. "सांगायचं, विचारायचं नाही. एवढं लक्षात ठेव, बाई."

ही त्या लॅबची जुनी रीत. अडकलं की कोपऱ्यातल्या निळ्या खुर्चीला आपला कोड ओळ न् ओळ मोठ्यानं समजावून सांगायचा. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. पण खुर्चीला प्रश्न विचारायचा नाही. मागच्या बॅचमधल्या एका चष्मेवाल्या पोरानं विचारला होता. पहिला आला पठ्ठ्या! पण तेव्हापासून त्याला "जेवलास का?" विचारलं तरी आधी डावीकडे मान वळवायचा... काहीतरी ऐकल्यासारखा थांबायचा... आणि मग उत्तर द्यायचा.

कुलूप लागलं. स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून पडदे ओढलेले, त्यामुळे भर दुपारी आत संध्याकाळ. एसीची घरघर. तापलेल्या धुळीचा वास, आणि त्याखाली आणखी कसला तरी, बरेच दिवस बंद राहिलेल्या डब्यासारखा.

भोंगी कोपऱ्यातल्या मशीनवर बसली, निळी खुर्ची डावीकडे घेतली आणि सुरू झाली. "हे बघ, इथं सीट रिकामी आहे का ते बघतो. मग प्रवाशाचं नाव घेतो. मग सीट देतो. बरोबर आहे की सगळं! मग चुकतंय कुठं गं?"

गेलं तोंडातून.

एसी बंद पडला. खुर्चीचं एक चाक करकरलं. आणि स्क्रीनवर, भोंगीचे दोन्ही हात मांडीवर असताना, एकेक अक्षर उमटायला लागलं. कोड. सुरेख, नेटका कोड. तिला जन्मात जमला नसता असा.

आता नुसतं गप्प बसायचं होतं हो! गप्प बसली असती तर पास होती. पण भोंगी आणि गप्प?

"ए," ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी म्हणाली. "हात काढ."

अक्षरं उमटतच राहिली.

"आधी दोनदा नापास झालेय ना, ती माझ्या अकलेनं झालेय. आता पास पण माझ्याच अकलेनं होणार." तिनं ते उमटलेलं सगळं निवडलं आणि उडवलं.

तेव्हा गार काहीतरी तिच्या खांद्याला टेकलं. हळूहळू अंगावर रेललं... गर्दीत कोणी आपल्याच सीटवर सरकून बसू बघतं ना, अगदी तसं. तिच्या बोटांत तिची नसलेली बोटं शिरायला लागली.

"सरक! ही सीट भरलेली आहे!" भोंगी अशी ओरडली की पडदे हलले असतील. "मी आधीपासून बसलेय इथं, कळलं?"

आणि तिचं तिलाच लख्ख दिसलं. आधीपासून! प्रोग्राम सीट बघतो, पण धरून ठेवत नाही. नाव लिहीपर्यंत दुसरा येऊन बसतो. आधी सीट धरायची, मग नाव विचारायचं. तिनं चार वेड्यावाकड्या ओळी लिहिल्या. स्वतःच्या. प्रोग्राम चालला.

एसी पुन्हा घरघरला.

दुपारी परीक्षक आले आणि बसायला निळी खुर्ची ओढू लागले. हलेना. काकांनी मुकाट दुसरी आणून दिली.

प्रश्न झाले, उत्तरं झाली, एकही चुकलं नाही. "पास आहात," परीक्षक म्हणाले. "पण प्रत्येक उत्तराआधी डावीकडे काय बघत होता?"

"गप्प बसायला सांगत होते, सर."

परीक्षक हसले. काकाही कसंनुसं हसले. दोघं थांबल्यावर डावीकडून, जरा उशिरानं, आणखी एक हसू आलं.

भोंगीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. टेबलाखालून खुर्चीच्या चाकाला सणसणीत लाथ घातली.

"आई गं..."

परीक्षकांनी चमकून भोंगीकडे पाहिलं. आवाज तिचाच होता. तोंड मात्र तिनं घट्ट मिटलेलं होतं.